घरची चांदी : पाहावी कशी आणि जपावी कशी



ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा पाहून आलेली आपली मंडळी एका वस्तूचे वर्णन केल्यावाचून राहत नाहीत. ती वस्तू म्हणजे भोजनगृहातील लांबलचक मेजावर रुळांवरून धावणारी चांदीची छोटी आगगाडी. पाहुण्यांपुढे पेयांच्या सुरया फिरविण्यासाठी शिंदे सरकारांनी ती करवून घेतली. डब्यावरील सुरई उचलली की गाडी थांबते आणि सुरई पुन्हा जागेवर ठेवली की चालू लागते. हे पाहून कोणासही कौतुक वाटावे यात नवल नाही. आश्चर्य वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. दूरवर जाऊन राजवाड्यातील चांदीची तारीफ करणारे आपण घरी परतलो म्हणजे कपाटातील आजीच्या तांब्याकडे मात्र केवळ वजन म्हणून पाहतो. चांदीचा भाव चढला की तो तांब्या पिशवीत जातो, पेढीवर तराजूत पडतो आणि तिसऱ्या प्रहरी मुशीत वितळून जातो.

प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, जुने भांडे मोडीत घालण्यापूर्वी ते एकदा नीट पाहावयास आपण शिकावे. या पाहण्यास सोनाराची विद्या लागत नाही. खिडकीतला उजेड, स्वच्छ हात आणि अर्धा घटका सवड एवढी सामग्री पुरे.

आमच्या हातून घडलेली चूक

उपदेश करण्यापूर्वी आमची चूक सांगणे योग्य होईल. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी घरात लग्नकार्य निघाले. आजीचा चांदीचा तांब्या व त्यावरचे भांडे अशी जोडी कपाटात होती. त्यांपैकी तांब्या घेऊन आम्ही पेढीवर गेलो. पेढीवरील वृद्ध कारागिराने तो हातात घेतला, उलटा केला, आतून बोट फिरविले आणि म्हणाला, "भाऊसाहेब, पुन्हा एकदा विचार करा. असे काम आता कोणी करून देत नाही." आम्ही विचार केला नाही. तांब्याच्या चांदीतून नव्या पद्धतीचे सहा पेले झाले. ते इतके पातळ निघाले की दहा वर्षांत एकही पेला पोचा पडल्यावाचून राहिला नाही. भांडे मात्र घरीच राहिले होते. ते आजही आहे. परंतु कोणत्याही दुसऱ्या तांब्यावर ते नीट बसत नाही. आजीचे पूर्ण नाव आणि शक तांब्यावर कोरलेले होते. भांड्यावर केवळ आद्याक्षर आहे. तो शक कोणता, हे आता घरात कोणासही सांगता येत नाही.

त्या कारागिराने क्षणभरात जे पाहिले, ते आम्हांस पाहता आले असते तर पुढचे टळले असते. ते पाहणे पुढील पाच पाठांत मांडले आहे.

पाठ पहिला : आकार

प्रथम नक्षीकडे पाहू नये, घाट पाहावा. तांब्या घ्या. त्याचे पोट पाणी धरते, गळा हाताच्या पकडीपुरता आवळलेला असतो आणि काठ बाहेर वळलेला असतो. गळा आवळलेला असल्यामुळे भरलेला तांब्या एका हाताने उचलता येतो. काठ वळलेला असल्यामुळे पाणी धारेने पडते, भांड्याच्या अंगावरून ओघळत नाही. त्यावरचे भांडे झाकणाचे काम करते आणि पिण्याचेही. अर्थात तांब्या आणि भांडे या दोन वस्तू नसून दोन अंगांची एकच वस्तू आहे. कुशल कारागीर एकाचा गळा दुसऱ्याच्या बुडाशी जुळवूनच घडवीत असे. म्हणून जोडी फोडू नये; आम्ही ती फोडली.

वाटीकडेही याच दृष्टीने पाहावे. चांगल्या वाटीचे बूड रुंद व जड असते, म्हणून बोटाच्या धक्क्याने ती ताटात कलंडत नाही. काठ किंचित गोलसर असतो, म्हणून आमटी पिताना तो ओठास लागत नाही. गुलाबदाणीचा गळा लांब व अरुंद, तर शेंड्यावरील कळीस बारीक छिद्रे. यामुळे पाहुण्याच्या अंगावर गुलाबपाण्याचे तुषार उडतात, धार पडत नाही. जो आकार कामास येतो तोच बहुधा डोळ्यासही सुंदर दिसतो, हे जुन्या भांड्यांवरून फार चांगले समजते.

भोजनास चांदीच का, याचेही उत्तर येथेच आहे. पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यास कल्हई नसली तर ताक, कढी, कोशिंबीर असे आंबट पदार्थ कळकतात. चांदीस आंबटाचा तसा उपद्रव होत नाही व कल्हईही लागत नाही. मुलाच्या उष्टावणास चांदीची वाटी काढण्याच्या रीतीत शोभेबरोबर हा व्यवहारही आहे. चांदीचा एक शत्रू मात्र ताटातच असतो, तो म्हणजे मीठ. ओलसर मीठ चांदीवर राहिले तर ती खाल्ली जाते व बारीक खड्डे पडतात. याच कारणाने विलायती चांदीच्या मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा देत किंवा काचेची वाटी बसवीत.

पाठ दुसरा : घडविणारा हात

निव्वळ चांदी मऊ असते, म्हणून तिच्यात थोडे तांबे मिसळतात. हजारात ९२५ भाग चांदी व उरलेले बहुधा तांबे, हे प्रमाण विलायतेत शतकानुशतके चालत आले आहे. आपल्याकडे अनेकदा चांदीचा रुपयाच मुशीत जाई. १८३५ पासूनचा कंपनी सरकारचा व पुढे राणीछाप रुपया १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, वजनाचा असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. म्हणूनच जुनी माणसे भांड्याचे वजन 'इतके रुपयेभार' असे सांगत. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये तो निकेलचा झाला. तेव्हापासून रुपया हे घरगुती चांदीचे माप राहिले नाही.

आता घडण पाहू. चांदीचा जाड पत्रा ऐरणीवर ठेवून हातोडीने ठोकीत ठोकीत भांड्यास खोली आणतात. ठोक्यांनी चांदी कठीण होते; तशीच ठोकत राहिले तर ती चिरते. म्हणून काही काळाने ती लालसर होईपर्यंत तापवून पुन्हा नरम करावी लागते. ठोकणे आणि तापविणे यांची कित्येक आवर्तने झाल्यावर एक तांब्या तयार होतो. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने मठारून पृष्ठभाग सारखा करतात व ओपणीने ओप देतात.

हे काम ओळखावे कसे? भांड्याच्या आत बोटाचे टोक हळूच फिरवा. हातघडणीच्या भांड्यात मठारल्याचे अतिसूक्ष्म पैलू जाणवतात. ते न जाणवल्यास भांड्यात खिडकीचे प्रतिबिंब पाहा. हातघडणीच्या चांदीत ते किंचित थरथरल्यासारखे दिसते. काठ चिमटीत धरा. पत्रा वर उचलीत आणताना धातू काठाकडे दाटत जातो, म्हणून अशा भांड्याचा काठ पोटापेक्षा जाड लागतो. यंत्राच्या चाकावर दाबून केलेल्या भांड्यात याउलट एकाच मध्याभोवती काढलेल्या वर्तुळांसारख्या बारीक रेषा दिसतात. मग तोटी, कान, पडघी यांचे सांधे पाहा. डाखाची रेघ जितकी अदृश्य, तितका हात निष्णात.

डाखाविना काम किती मोठे होऊ शकते, याचा दाखला जयपूरच्या राजवाड्यात आहे. सवाई माधोसिंह १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकास विलायतेस निघाले, तेव्हा प्रवासात गंगोदकच प्यावे असा त्यांचा नेम होता. त्यासाठी नाण्यांची चांदी वितळवून घडविलेले प्रचंड गंगाजली कुंभ त्यांनी बरोबर नेले. प्रत्येक कुंभाचे वजन सुमारे ३४५ किलो असून त्यांस डाखाचा सांधा नाही. दर्शनास येणारा त्या कुंभांचा आकार पाहून थक्क होतो. जाणकार त्यांचे सांधे शोधतो आणि ते सापडत नाहीत म्हणून थक्क होतो.

पाठ तिसरा : नक्षी

नक्षीचे मुख्य प्रकार तीन समजून घेतले तरी पुष्कळ उमजते. पहिले उठावाचे काम. यात भांडे लाखेने वा राळेने भरून किंवा त्यावर बसवून बारीक बोथट छिन्न्यांनी धातू आतून फुगवितात व बाहेरून दाबतात. धातू सरकतो, कमी होत नाही. दुसरे खोदकाम. यात तीक्ष्ण टाकीने चांदीची रेघ उकरून काढतात. त्या रेषेची कड धारदार व चकचकीत असते. तिसरी तारकशी. यात चांदीच्या बारीक तारा पिळून, वळवून व जोडून जाळी बनवितात. तेलंगणातील करीमनगर आणि ओडिशातील कटक ही या कामाची दोन नामांकित गावे. हैदराबादकडील आपल्या नातलगांच्या घरी पानदान वा अत्तरदाणी या कामाची असल्यास ती मुद्दाम पाहावी.

ठशावर दाबून काढलेली नक्षी ओळखण्याची एक सोपी खूण आहे. एकाच काठावरील दोन फुले शेजारी ठेवून पाहावीत. ती तंतोतंत सारखी असतील तर ठसा. एकाची पाकळी किंचित लांब, दुसऱ्याची किंचित वळलेली असेल तर हात.

नक्षीवरून प्रांतही ओळखता येतो. काश्मीरकडे चिनाराचे पान, लखनौकडे ताडमाडांचे रान व शिकारीचे देखावे, बंगालकडे झोपडी व बैलगाडी असे खेड्यातील जीवन, तर मद्रासकडे देवदेवतांच्या उठावदार मूर्ती. मद्रासच्या या शैलीस 'स्वामी काम' असे नाव पडले आणि तेथील पी. ऑर अँड सन्स ही पेढी त्यासाठी प्रसिद्ध होती. आम्हां बडोदेकरांस सर्वांत जवळचे ते कच्छचे काम. भुजच्या उमरसी मावजी या कारागिराचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशोदेशी गाजले. त्याच्या भांड्यांवर वेलींची वळणे इतकी दाट असतात की रिकामी जागा म्हणून उरत नाही; आणि नीट पाहिले तर त्या वेलींतून हरिण, पक्षी, हत्ती डोकावतात. बुडाशी 'ओ. एम.' ही रोमन अक्षरे असतात. आज त्याची भांडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेविली आहेत.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की दाट नक्षी म्हणजेच उत्तम काम. मराठी घरांतील पुष्कळ भांडी साधीच असतात. काठाला एखादी दुहेरी रेघ, एवढाच काय तो शृंगार. परंतु साध्या भांड्यावर चूक लपविण्यास जागा नसते. नक्षीत वाकडी रेघ झाकली जाते. कोऱ्या पोटावर एक चुकीचा ठोकाही दिसतो. आमच्या आजीचा तांब्या असाच कोरा होता.

पाठ चौथा : अक्षरे

विलायती चांदीवर सरकारमान्य तपासणीच्या मुद्रा असतात. लंडनचा चित्त्याचा मुखवटा १३०० च्या कायद्यापासूनचा, वर्षदर्शक अक्षर १४७८ पासूनचे व चालता सिंह १५४४ पासूनचा आहे. बर्मिंगहॅमची खूण नांगर, तीही १७७३ पासूनची. अशा मुद्रांवरून भांड्याचे गाव व वर्ष सांगता येते. आपल्याकडील जुन्या भांड्यांवर बहुधा अशी मुद्रा नसते. फार तर पेढीचा शिक्का असतो. आज भारतीय मानक ब्यूरोची मुद्रा चांदीवरही मिळते, परंतु ती नव्या वस्तूंची गोष्ट झाली. मुद्रा नाही म्हणून जुनी चांदी हलकी, असे मानणे चूक होय.

आपल्या भांड्यांवर मुद्रेच्या जागी नाव असते आणि ते नाव हीच त्यांची जन्मपत्रिका. काठाखाली, पोटावर अथवा बुडाशी पाहा. बहुधा बाळबोध, क्वचित मोडी अक्षरांत देणाऱ्याचे वा घेणाऱ्याचे नाव, गाव, प्रसंग व वर्ष आढळते. वर्ष शकाचे असल्यास त्यात ७८ मिळवावेत, म्हणजे इसवी सन येतो. शके १८४५ म्हणजे सन १९२३-२४. गुजरातेतील कारागिराने विक्रम संवत घातला असल्यास त्यातून ५७ अथवा ५६ वजा करावेत. माहेरचे नाव, सासरचे नाव, मामाचे गाव ही माहिती कित्येक घरांत अन्य कोठेही लिहिलेली नसते. स्त्रियांची नावे तर वंशावळीतूनही गळतात, ती भांड्यांवर मात्र टिकून असतात. आजीचा तांब्या वितळला तेव्हा चांदी नष्ट झाली नाही. नष्ट झाली ती एवढीच गोष्ट.

पाठ पाचवा : झीज

जुन्या भांड्याची झीज हा दोष समजू नये. पळीची एकच बाजू झिजली असेल तर ती उजव्या हाताने पातेल्याच्या कडेस घासत होती असे समजावे. काठ एका जागी पातळ झाला असेल तर ते भांडे तेथूनच ओठास लागत असे. पोचा काढणे, तुटलेला कान जोडणे ही दुरुस्ती पूर्वी कोणी केली असल्यास तीही पाहावी. ज्याने ती करविली त्यास ते भांडे टाकावेसे वाटले नाही, एवढे तीवरून निश्चित कळते.

जपणूक

हवेतील गंधकाच्या अंशामुळे चांदीवर काळा थर चढतो. तो काढण्याच्या उत्साहात आपल्या घरांतून भांड्यांचे जेवढे नुकसान होते, तेवढे काळपटपणाने होत नाही. रांगोळी, राख व दंतमंजन यांनी घासण्याची रीत सर्वत्र आहे. पण रांगोळी म्हणजे दगडाची पूड. दर दिवाळीस तिने घासलेल्या भांड्याची नक्षी पन्नास वर्षांत सपाट होते आणि नावाची अक्षरे पुसली जातात. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती फडके आणि लगेच कोरडे करणे एवढे नेहमीस पुरे. खोलगट जागी राहिलेला काळेपणा काढू नये. त्यामुळेच उठाव उठून दिसतो.

उष्ण पाणी, खाण्याचा सोडा व ॲल्युमिनियमचा पातळ कागद यांचा उपाय हल्ली बहुतेकांस ठाऊक आहे. साध्या भांड्यास तो चालतो; परंतु नक्षीतील मुद्दाम राखलेली काळी छटाही त्याने निघून जाते. ज्या वस्तूंच्या पोकळीत लाख भरलेली असते, अशा वस्तू उष्ण पाण्यात कदापि बुडवू नयेत. भांडी ठेवताना मलमलीत वा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावीत. लोकर व रबर यांत गंधक असते, त्यांचा स्पर्श टाळावा. देवघरातील ताम्हण, पळी व पंचपात्र पंचामृतानंतर तसेच न ठेवता त्याच वेळी धुवावे. आपल्या मंदिराच्या कोठीतील उपकरणांसही हाच नियम लागू आहे. सेवेस येणाऱ्या भगिनींनी रांगोळीचा डबा तेथून कायमचा दूर करावा, ही नम्र विनंती.

मोडीत घालण्यापूर्वी

चांदी हे अडीअडचणीचे धन आहे, हे आम्ही विसरलो नाही. आजारपण, शिक्षण वा कर्ज यांसाठी भांडे विकावे लागले तर त्यात लाज नाही. आपल्या पूर्वजांनी ते काही अंशी त्याचसाठी करून ठेविले होते. आक्षेप आहे तो गरज नसता जुने मोडून नवे करण्यास. असे करताना जुनी घडणावळ बुडते, घट कापली जाते आणि नव्या वस्तूची घडणावळ व कर पुन्हा भरावा लागतो. हिशेबानेही हा व्यवहार पुष्कळदा तोट्याचाच ठरतो.

यंत्राची, निनावी व फुटकी भांडी आधी द्यावीत. जोडी, नाव व हातघडण असलेली शेवटी. देणे अटळ झाले तर प्रथम भाऊबहिणींस विचारावे. घेणारा कुटुंबातच भेटण्याचा पुष्कळ संभव असतो. भांड्याचे छायाचित्र घ्यावे, वजन व मापे लिहावीत, नावावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासावे, म्हणजे अक्षरे जशीच्या तशी उमटतात. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू असल्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये खाजगी व्यक्तीस ती परदेशी धाडता येत नाही, हेही परदेशस्थ नातलग असलेल्या कुटुंबांनी ध्यानी ठेवावे.

नित्याच्या भांड्यांस संग्रहालयात स्थान मिळते काय, अशी शंका कोणास येईल. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय दिवे, अडकित्ते, पानदाने अशा घरगुती वस्तूंनीच भरलेले आहे. अहमदाबादेस १९८१ मध्ये 'विचार' नावाचे संग्रहालय निघाले, ते तर केवळ भांड्यांचे. तेथे ठेविलेल्या वस्तूंपैकी बहुतेक कोणा ना कोणाच्या स्वयंपाकघरातून आलेल्या आहेत.

येत्या लक्ष्मीपूजनास कपाटातील चांदी बाहेर निघेलच. त्या दिवशी घासण्यास बसण्यापूर्वी घरातील मुलांस जवळ बसवावे, एकेक भांडे त्यांच्या हाती द्यावे आणि हे पाचही पाठ करवून घ्यावेत. घरातील वडीलधाऱ्यांस जे आठवते ते एका वहीत तेव्हाच उतरवून घ्यावे. आमच्या घरी पूजेच्या ताटाशेजारी एक भांडे असेल. त्याच्या वहीतील पानावर आद्याक्षर लिहिले आहे. शकाची जागा कोरी आहे.